कपाटातला अकराशे पुन्हा चालेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून. "घरात जुना नोकिया ११०० पडलाय, आईला फक्त बोलण्यापुरता हवाय, चालेल का?" हा प्रश्न सारखा येतो. फोन बहुधा चालतो. अडतं ते सिमवर आणि बॅटरीवर.

आधी सिमचं. ११०० हा २००३ सालचा, निव्वळ टू-जी फोन. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे ते सिम यात चालणार नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं घ्या, पण तुमच्या गावात त्यांची टू-जी रेंज आहे का हे आधी बघा. नवं सिम तीन मापांत तोडता येतं. यासाठी फक्त सगळ्यात मोठ्या मापात तोडायचं. आधीच नॅनो, म्हणजे सगळ्यात लहान, केलेलं असेल तर अडॅप्टर, म्हणजे छोटं सिम बसवायची मोठ्या मापाची प्लास्टिकची चौकट, लागतो. रिकामा अडॅप्टर मात्र खाचेत कधीही सरकवू नका. आतल्या बारीक पिना त्याच्या कडेला अडकतात, ओढताना वाकतात आणि मग कुठलंही सिम घातलं तरी फोन 'सिम घाला' एवढंच म्हणत राहतो.

बॅटरी बीएल-५सी, ३.७ व्होल्टची. सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरगरली तर ती फुगलेली आहे. टोचू नका, दाबू नका, ई-कचऱ्यात द्या. फुगलेली नसली तरी वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेलचा व्होल्टेज इतका उतरतो की चार्जर लावून काहीच होत नाही. अशी बॅटरी बाहेरून थेट वीज देऊन जागी करण्याच्या फंदात पडू नका, नवी आणा. छोट्या रेडिओ-स्पीकरमध्येही हीच बसते, म्हणून अजून सहज मिळते. याच आकारात २०००-३००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेली दिसली तर ती थाप समजा; नोकियाच्या अस्सल बॅटरीवर फार तर १०२० लिहिलेलं असे. चार्जरही जुन्या जाड पिनेचा हवा. नंतरच्या नोकियांचा बारीक पिनेचा यात बसत नाही.

बटणं दाबूनही आकडे उमटत नसतील तर लगेच बोर्ड गेला म्हणू नका. पुढचं कव्हर हाताने निघतं. त्यामागचं रबरी कीपॅड साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा. खाली बोर्डावर चिकटवलेल्या पत्र्याच्या इवल्याशा वाट्या असतात. दाबलं की 'टक' होतं ते त्यांचंच. तिथे घाम किंवा ओल शिरली की गंज धरतो. बॅटरी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा हलकेच फिरवा. अत्तर किंवा पेट्रोल नको. एखाद्या बटणाची 'टक' गेलेलीच असेल तर वाटी चेपलीय. पुढचं काम दुकानात.

आता वापर. कीपॅड लॉक करायला मेनू आणि मग स्टार. 'सी' दाबून धरलं की टॉर्च. वीज गेल्यावर आईला हेच जास्त उपयोगी पडेल. फोन सिक्युरिटी कोड मागत असेल आणि तो कुणी बदलला नसेल, तर १२३४५. फोनमध्ये नावं जेमतेम ५० मावतात, म्हणून बाकीची सिमवर ठेवा. एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा असतो. देवनागरीत एकात ७०च बसतात आणि काना-मात्राही मोजल्या जातात. शिवाय देवनागरीचा फॉन्ट नसलेल्या फोनवर नुसते चौकोन दिसतात. बँकेचे मेसेज मराठीत येत असतील तर ते इंग्रजीत करून घ्या.

फोन टीव्ही किंवा रेडिओजवळ असला की रिंग वाजण्याआधी 'टर्र टर्र' ऐकू येईल. ती बिघाडाची खूण नव्हे. टू-जी फोन सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांत प्रक्षेपण करतो, ते झटके स्पीकरच्या तारा पकडतात.

आणि हो, गजर फोन बंद असतानाही वाजतो. पण बॅटरी काढून परत घातल्यावर घड्याळ तपासा. वेळ पुसली गेली असेल, तर पहाटे पाचचा गजर भलत्याच वेळी वाजेल.