चौदाव्याच्या डोक्यावर एकविसावं

बाळाची गुणसूत्रं ४६ भरली. दुसऱ्या पेशीत मोजली, ४६. विसाव्या पेशीपर्यंत ४६च. फॉर्मवर मात्र डॉक्टरांनी 'डाऊन सिंड्रोम?' लिहिलेलं आणि तळहातावर एकच आडवी रेघ असल्याची नोंद. अशा बाळांत शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांना ४७ निघतात, एकविसाव्या क्रमांकाचं एक जास्त. मला पहिली शंका आली ती नळ्यांची अदलाबदल झाल्याची.

पणजीतल्या एका लॅबमध्ये मी गुणसूत्रांचं काम बघते. गुणसूत्रं वेगवेगळी दिसतात ती पेशी दुभंगायच्या बेतात असतानाच, एरवी नुसता सुताचा गुंता. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना पीएचए नावाचं द्रव्य घालून वाढायला लावायचं, ३७ अंशांवर ७२ तास ठेवायचं. यासाठी रक्त हिरव्या टोपणाच्या नळीतच लागतं, रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या. दर आठवड्याला कुणीतरी जांभळ्या टोपणाची पाठवतंच, आणि फोन केला की पलीकडून, "रक्त तेच ना, मॅडम?" त्या नळीतल्या ईडीटीएत, तेही रक्त गोठू न देणारंच, पेशी धड वाढत नाहीत, हे किती वेळा सांगायचं!

मग कोल्चिसिन. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारे धागे ते बनूच देत नाही, म्हणून सगळं ऐन मध्यावर थांबतं. आमच्या कुंपणावर जुलैत कळलावी फुलते, तिच्यातही हेच विष. कळा आणते म्हणून तिचं नाव कळलावी, आणि माझ्या नळीत ती विभाजन अडवून बसते.

त्यानंतर पेशी पातळ क्षारद्रावणात टम्म फुगवायच्या, म्हणजे गुणसूत्रं सुटी होतात. ही युक्ती चुकीतून सापडली. टेक्सासात टी. सी. ह्सू यांच्या प्रयोगशाळेत कुणाकडून तरी द्रावण जास्त पातळ झालं, आणि १९५२ मध्ये त्यांनी ते छापलं. कुणाच्या हातून झालं ते त्यांना कधीच कळलं नाही. माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६, हे नक्की झालं १९५६ मध्ये, याच युक्तीच्या जोरावर. ती चूक आमच्यासारख्याच कुणा कंटाळलेल्या टेक्निशियनची, असं मी धरून चालते.

शेवटी स्लाइडवर थेंब टाकायचा, आणि इथे आपला पावसाळा आडवा येतो. दमट हवेत थेंब सावकाश सुकतो, गुणसूत्रं इतकी पसरतात की एका पेशीतलं दुसरीत गेलं की काय कळत नाही. हवा कोरडी करायचं मशीन मागून दोन पावसाळे झाले. तोवर हॉटप्लेट, आणि खिडकीला चिकटपट्टी.

त्या दिवशी स्लाइड बरी आली होती. गुणसूत्रांवरचे पट्टे रंगवून जोड्या लावायला बसले तर एक चौदावं उंच दिसलं. त्याच्या डोक्यावर एकविसावं बसलं होतं, अख्खी लांब बाजू जोडलेली. बाकी दोन एकविसावी आपापल्या जागी. म्हणजे माल तिघांचा, मोजणीत दोन. आईबापांचं रक्त मागवलं. वडील ४६, सरळ. आई ४५. तिच्यातही तोच जोड, पण एकविसावं सुटं एकच, म्हणून तिचा हिशेब पुरा. अंगाने ठणठणीत.

डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, पण ओपीडीत किती वेळ मिळणार? रिपोर्ट घ्यायला ती एकटीच आली, वाळपईहून बस धरून. माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"मॅडम, माझ्यात एक कमी आहे म्हणतात. काय कमी आहे?"

"काही कमी नाही. बस गे बाय."

"ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती. मांय म्हणते त्यानंच."

मी तिला दाराबाहेरच्या चपला दाखवल्या. चपला म्हणजे गुणसूत्रं. एका जोडातली एक आणि दुसऱ्या जोडातली एक पट्ट्याने बांधली समज. अंग वाढतं तेव्हा पेशी आधी सगळ्या चपलांची हुबेहूब नक्कल करते, मग एकेक संच दोन नव्या पेशींना. बांधलेली असली म्हणून काय, तिचीही नक्कल होतेच. म्हणून तू नीट वाढलीस. अंड्यात तसं नाही. तिथे जोड फोडून एकच चप्पल पुढे द्यायची असते. बांधलेली कुठे जाणार? कधी नीट वाटणी होते, कधी बांधलेलीबरोबर तिची सुटी जोडीदारही जाते. आणि ही जुळवाजुळव तुझ्या अंड्यांत सुरू झाली तेव्हा तू तुझ्या आईच्या पोटात होतीस, तिथेच ती थांबून राहिली. फोडायची पाळी आली या बाळाच्या वेळी, पाळणा हलायच्या किती आधी, पोट दिसायच्याही आधी. विळी कुठली मधे?

ती हसली नाही, पण खुर्चीत मागे टेकली. पुढच्या खेपेला शंभरात दहा-पंधरा शक्यता, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिला पाठ होतं.

मग म्हणाली, "ही गाठ मला आईकडून की बाबांकडून?"

"दोघांचं तपासल्याशिवाय नाही कळणार. कदाचित तुझ्यातच पहिल्यांदा पडली असेल."

"बाबा नाहीत. धाकट्या बहिणीचं तुळशीलग्नानंतर ठरलंय. तिच्यात असेल?"

"असेल किंवा नसेल."

"तिला सांगू?"

आमच्याकडे या गोष्टी बोलायला वेगळं माणूस नाही, आणि टेक्निशियनने सल्ला द्यायचा नसतो. मी तोंडात आलं ते बोलून गेले, "डॉक्टरांना विचार." चपलांवर पंधरा मिनिटं बोललेली मी, इथे दोन शब्दांत सुटले. सांगितलं तर मोडेल का, आणि मोडलंच तर ती सोयरीक धरण्यासारखी होती का, हे मला घरी जाताना बांबोळीच्या चढावर सुचत राहिलं. आईला घेऊन ये, आईचं तपासू, निदान एवढं तरी म्हणता आलं असतं.

तिने रिपोर्ट पिशवीत घातला, वर नारळ ठेवला, आणि चारची बस गाठायची म्हणून निघाली.

तुळशीलग्न होऊन गेलं. तिच्या सत्तरी तालुक्यातून हिरव्या टोपणाची नळी आली की मी आधी आडनाव बघते.