क्लिपरच्या ओबीजे फाइली एका जागी आणताना : माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचा सूतसाठा, विणकरांची मजुरी आणि बिलं अजून क्लिपर ५.२ (डॉसवरचा जुना डेटाबेस प्रोग्राम-कंपाइलर) वरच चालतात. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा प्रोग्राम चालत नाही, म्हणून तो डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये. सूत, मजुरी अशा प्रत्येक डिरेक्टरीत पीआरजी (लिहिलेला प्रोग्राम), ओबीजे (कंपाइल होऊन तयार झालेली फाइल), ईएक्सई (चालणारा प्रोग्राम), डीबीएफ (माहितीची फाइल) सगळं एकत्रच होतं. ते वेगळं करणं हे पहिलं काम.

लक्षण नेहमीचं: मजुरीचा दर बदलला, कंपाइल बिनचूक झालं, लिंकही (ओबीजे जोडून ईएक्सई करणं) झालं, तरी पावतीवर जुनाच दर. कारण असं की क्लिपर ओबीजे चालू डिरेक्टरीत टाकतो, पीआरजी असेल तिथे नाही. दोन ठिकाणांहून कंपाइल केलं की दोन ओबीजे तयार होतात, आणि आरटीलिंक हा क्लिपरचा लिंकर आधी चालू डिरेक्टरी बघतो. तिथे जुनी ओबीजे सापडली की पुढे शोधतच नाही.

उपाय /ओ हा स्विच, म्हणजे कंपाइलच्या आज्ञेला जोडायचा पर्याय. त्याला लागूनच, मध्ये जागा न सोडता, मार्ग लिहायचा: /ओसी:\चादर\ओबीजे\. ही डिरेक्टरी आधी स्वतः तयार करावी लागते, क्लिपर करत नाही. शेवटची तिरकी रेघ तर विसरूच नका. ती नसेल तर शेवटचा शब्द फाइलचं नाव धरला जातो आणि प्रत्येक मॉड्यूल आधीच्याच फाइलवर लिहिलं जातं. कंपाइलर एका शब्दाने तक्रार करत नाही. कळतं ते लिंक करताना, निम्मी फंक्शनं सापडेनाशी झाल्यावर.

सोबत /एम हवाच. तो नसेल तर डू, सेट प्रोसीजर किंवा सेट फॉरमॅट या आज्ञांनी बोलावलेल्या सगळ्या पीआरजी त्याच ओबीजेत ओढल्या जातात. मग मुख्य ओबीजेतही मजुरी, मजुरीच्या ओबीजेतही मजुरी, आणि लिंकर दुहेरी नावांवर अडतो. कंपाइल करताना @ देऊन सीएलपी (पीआरजींच्या नावांची) यादी वापरली तरीही सगळं एकाच ओबीजेत जातं, यादीच्या नावाने. /एन मी कायम ठेवतो, म्हणजे फाइलीच्या नावाची आपोआप प्रोसीजर तयार होत नाही.

हे तिन्ही स्विच क्लिपरसीएमडी या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घातले. लिंकरसाठी ओबीजे हे व्हेरिएबल त्याच डिरेक्टरीकडे वळवलं. आरमेक (तारखा बघून बदललेल्याच फाइली कंपाइल करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याच्या आरएमके या सूचनांच्या फाइलीत ओबीजेचा मेकपाथ, म्हणजे शोधायची जागाही बदला. नाहीतर तो जुन्या जागी तारीख बघतो, फाइल सापडत नाही आणि दर वेळी सगळं पुन्हा कंपाइल करतो. उलट गफलत घड्याळाची. जुन्या मशीनची सीमॉस बॅटरी (घड्याळ चालू ठेवणारी) गेलेली असेल, तर आज बदललेली पीआरजी कालच्या ओबीजेपेक्षा जुनी ठरते आणि आरमेक तिला हातच लावत नाही.

यानंतर डिर /एस या डॉसच्या आज्ञेने सगळ्या डिस्कवरच्या ओबीजे शोधून काढून टाकल्या. क्लिपरच्या स्वतःच्या तेवढ्या सोडल्या.

एक गोष्ट मात्र एका जागी आणल्यावरच उघडी पडली. सूत आणि मजुरी या दोन्ही डिरेक्टऱ्यांत रिपोर्ट नावाची पीआरजी होती. ओबीजे एकच उरली, नंतर कंपाइल झालेली. आठ अक्षरांच्या मर्यादेत बसवून एकीचं नाव सूतरिप आणि दुसरीचं मजरिप केलं, बोलावणाऱ्या ओळी बदलल्या, आणि मगच कारखान्यात ईएक्सई दिली.