आईच्या खोलीचा निळा

मंगळवार, रात्र

आईच्या खोलीत भिंतीवर तीन दिवसांपासून दोन निळे चौकोन आहेत, दोन बाय दोन फुटांचे. शेड कार्डावर हे रंग नखाएवढे होते आणि मला जुळे वाटले होते. पेंटरदादा म्हणाले, "ताई, कार्डावरून ठरवू नका. दोन हात मारतो, वाळल्यावर बघा." बरं झालं ऐकलं. सकाळी खिडकीतल्या आंब्याचा हिरवा उजेड आत आला की डावा चौकोन मोरपंखीकडे झुकतो. उजव्यात जांभळी झाक आहे, पण रात्री पिवळ्या दिव्यात तो मलूल पडतो. म्हणून मला डावाच हवा होता.

आज आईला समोर उभं केलं. बराच वेळ बघून तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "आता दोन्ही एकच." मग हात डाव्या डोळ्यावर नेला. "आता वेगळे गं."

तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला, डाव्याचं व्हायचंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. नवीन भिंग तो आत येऊ देतं. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. आज मला गेल्या दिवाळीतली साडी आठवली. गडद निळी, मी हौसेनं आणलेली. "सणाला काळी कशाला आणलीस?" असं आई म्हणाली आणि मी दोन दिवस फुगून बसले. तिला ती खरोखरच काळी दिसत होती. किती वर्षं असं चाललं असेल, आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आईनं उजवा चौकोन निवडला. तिच्या माहेरी दसऱ्याआधी चुन्यात नीळ कालवून भिंती सारवायचे, अगदी तसा दिसतो म्हणाली. नीळ जांभळ्याकडेच झुकते, तिचं बरोबर आहे. मी एकदाच विचारलं, "रात्री मलूल दिसेल, चालेल?"

"मग दिवा बदल ना."

पेंटरदादांना फोन केला, उद्या उजव्याचा चार लिटरचा डबा येईल. पांढरा दिवा मी संध्याकाळीच आणून लावला. जेवण झाल्यावर खोलीत डोकावले तर आई साडी मांडीवर घेऊन बसली होती, डाव्या डोळ्यावर हात ठेवून.