डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरचा परवाना मिळवताना

सोलारिस १० या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा, स्पार्क प्रोसेसरचा आमचा एक जुना सर्व्हर दोनदा पॅनिक होऊन, म्हणजे गंभीर दोषामुळे सिस्टीम थांबून, आपोआप रीस्टार्ट झाला. लॉगमध्ये ईसीसीने (मेमरीतील चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेने) सावरून घेतलेल्या मेमरीच्या चुकाही वाढत होत्या. सोलारिसच्याच फॉल्ट मॅनेजरने एक मेमरी मॉड्यूल दोषी ठरवले होते, पण ते बदलूनही नोंदी थांबल्या नाहीत. सनव्हीटीएस हा तपासणी संच हाताशी होता. मात्र तो यंत्रावर मुद्दाम ताण टाकतो, त्यामुळे चालू सेवा बंद ठेवूनच तो वापरावा लागला असता आणि तेवढी मुभा आम्हाला नव्हती. म्हणून सेवा सुरू असतानाच दोष शोधणारे, एका स्वतंत्र कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले.

डाउनलोड, चेकसमची (फाइल जशीच्या तशी आली की नाही हे दाखवणाऱ्या क्रमांकाची) पडताळणी आणि इन्स्टॉलेशन यांत अर्धा तासही गेला नाही. परवान्याला तीन आठवडे लागले.

परवाना दोन प्रकारे मिळत होता. फ्लोटिंग प्रकारात, म्हणजे परवाना अनेक यंत्रांना वाटून वापरता येतो त्यात, फ्लेक्सएलएम या परवाना सांभाळणाऱ्या प्रणालीचा लायसन्स सर्व्हर वेगळ्या यंत्रावर चालवावा लागतो. त्याचा मुख्य पोर्ट सहसा २७००० ते २७००९ यांपैकी असतो, परंतु कंपनीच्या डेमनचा (पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रोग्रामचा) पोर्ट फाइलमध्ये नेमून दिला नाही तर तो प्रत्येक वेळी बदलू शकतो व फायरवॉलमध्ये अडकतो. ही कटकट टाळण्यासाठी मी एकाच यंत्राशी बांधलेला परवाना निवडला, कारण त्याला लायसन्स सर्व्हर लागत नाही.

अर्जात होस्टआयडी, म्हणजे त्या यंत्राचा आठ अंकी हेक्स क्रमांक, भरायचा होता. समोर दोन टर्मिनल उघडी होती आणि मी कमांड चालवली ती शेजारच्या सर्व्हरवर. परवाना अर्थातच निरोगी यंत्राचा आला. तो बदलून देण्यापूर्वी कंपनीने आधीची फाइल नष्ट केल्याचे लेखी पत्र मागितले. चूक माझीच असल्याने वाद घालण्यास जागा नव्हती. पत्रावर सही मिळवण्यातच आठवडा गेला.

दुसरी फाइल ईमेलच्या मजकुरातच आली आणि मेल प्रोग्रामने फीचरची, म्हणजे परवान्याचा तपशील असलेली, लांबलचक ओळ मध्येच तोडली. या ओळीतील मुदत, आवृत्ती, होस्टआयडी हा सारा तपशील फाइलमधील डिजिटल सहीशी जोडलेला असतो, त्यामुळे त्यात हाताने फेरफार चालत नाही. मी नवी फाइल मागवण्याच्या बेतात होतो. मग तपशील न बदलता तुटलेली ओळ फक्त पुन्हा जोडली, विंडोजमधून आलेली ओळीअखेरची जादा चिन्हे डॉसटूयुनिक्स या कमांडने काढली आणि सॉफ्टवेअर सुरू झाले.

चार दिवसांच्या नोंदींवरून त्याने दाखवून दिले की मॉड्यूल कोणतेही बसवले तरी चुका एकाच स्लॉटवर येत होत्या. म्हणजे मदरबोर्डच बदलणे आले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की बोर्डाबरोबर होस्टआयडीही बदलला तर परवाना निकामी होईल. फ्लोटिंग परवाना घेतला असता तर तो दुसऱ्याच यंत्राशी बांधलेला राहिला असता. सुदैवाने या मॉडेलमध्ये होस्टआयडी आणि इथरनेट पत्ता काढता येण्याजोग्या कॉन्फिगरेशन कार्डावर असतात. ते कार्ड नव्या बोर्डावर बसवण्याची लेखी सूचना मी इंजिनिअरांना आधीच दिली. यंत्र सुरू होताच मी पहिली कमांड होस्टआयडीची दिली, या वेळी टर्मिनलवरचे नाव दोनदा वाचून. आठही अंक जुळले.