डॅन्यूबवरून वाखाऊ: वरूडच्या संत्रा बागायतदाराचे प्रवासवर्णन

डॅन्यूब नदीवर पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या मोठ्या आलिशान बोटी सहसा १३५ मीटर लांब आणि साडेअकरा मीटरच्या आत रुंद असतात. यातली रुंदी कोणा सजावटकाराने नव्हे, तर कालव्याने ठरवली आहे. ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांच्या खोऱ्यांना जोडणारा १७१ किलोमीटर लांबीचा माइन-डॅन्यूब कालवा १९९२ साली पूर्ण झाला. त्याच्यावरील लॉक, म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणाऱ्या किंवा उतरवणाऱ्या दरवाजेबंद पाण्याच्या कोठ्या, १२ मीटर रुंदीच्या आहेत. त्यामुळे दोन्ही नद्यांवर चालवायची बोट त्याहून रुंद बांधून उपयोगाचे नाही. उंचीवर पुलांचे बंधन असते. कमी उंचीचा पूल आला की छतावरच्या खुर्च्या आणि कठडे आडवे होतात, कप्तानाची खोलीसुद्धा खाली सरकते, आणि प्रवाशांना छतावरून उतरवले जाते. जाहिरातीतल्या छायाचित्रांत बोट नदीची मालकीण असल्यासारखी दिसते; प्रत्यक्षात ती नदीच्या शिस्तीत वागणारी भाडेकरू आहे.

आमची मुलगी म्युनिकला नोकरी करते. पासाऊ ते बुडापेस्ट या प्रवासाची तिकिटे तिने काढली आणि मी, पत्नी व माझे मेहुणे असे तिघे वरूड तालुक्यातून सप्टेंबरात निघालो. बागेत आंबिया बहाराचे फळ झाडावर होते आणि फळगळीचा काळ संपायचा होता, त्यामुळे घरून रोज फोन येत असे आणि बोटीच्या काचेच्या दिवाणखान्यात बसून आम्ही फवारणीबद्दल बोलत असू. मेहुणे माळकरी आहेत. वाटेतल्या वाखाऊ या द्राक्षांच्या दारूसाठी प्रसिद्ध असलेल्या ऑस्ट्रियातील खोऱ्यात माळकरी माणसाला नेण्याची कल्पना गावात बरीच चघळली गेली होती.

पासाऊ हे जर्मनीच्या सीमेवरचे गाव तीन नद्यांच्या संगमावर आहे. काळसर इल्झ, डॅन्यूब आणि आल्प्समधून येणारी फिकट हिरवट इन यांचे रंग मिसळण्याआधी काही अंतर वेगवेगळे दिसतात, आणि पर्यटक तेच पाहायला येतात. मला मात्र नगरभवनाच्या भिंतीवरच्या खुणा अधिक पाहाव्याशा वाटल्या. निरनिराळ्या शतकांतील पुरांची पातळी तेथे वर्षासह नोंदवलेली आहे. जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले, आणि १५०१ नंतर एवढा मोठा पूर तेथे आला नव्हता. आमच्या तालुक्याला लागून असलेल्या मोवाडमध्ये ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने २०० हून अधिक माणसे नेली. त्या भिंतीपुढे आम्ही तिघेही त्याच तारखेबद्दल बोलत होतो.

बोटीवरच्या ऐषारामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. खोली लहान, पण एकही इंच वाया न घालवता रचलेली. पलंगासमोर जमिनीपासून छतापर्यंत काच. जेवणाच्या टेबलावर एकामागून एक पदार्थ आणि त्यांच्यासाठी वेगवेगळे चमचे. शाकाहारी जेवणाची सोय चांगली होती, फक्त तिखटाचा पत्ता नव्हता, त्यामुळे पत्नीने सोबत आणलेली जवसाची चटणी दुसऱ्या जेवणापासूनच टेबलावर आली आणि शेजारच्या टेबलावरील एका वृद्ध दांपत्याने ती मागून घेतली. एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात नसते. धक्क्यावर जागा कमी असल्याने बोटी एकमेकींना खेटून बांधतात. त्यामुळे अधूनमधून महागड्या काचेबाहेर नदीऐवजी दुसऱ्या बोटीचा पडदा दिसतो, आणि गावात उतरण्यासाठी परक्या बोटीच्या स्वागतकक्षातून जावे लागते. शिवाय अशा बोटी बरेच अंतर रात्री कापतात. ज्याला नदी पाहायची आहे त्याने पहाटे उठावे.

मी उठत असे. ऑस्ट्रियातील डॅन्यूबवर जलविद्युत केंद्रांची साखळीच आहे आणि प्रत्येक बंधाऱ्याशी लॉक असते. बोट त्या काँक्रीटच्या कोठीत शिरली की काचेबाहेर हाताच्या अंतरावर शेवाळलेली भिंत उभी राहते, मागचा दरवाजा बंद होतो आणि पाणी उतरू लागते. पंप नाही, मोटार नाही. केवळ झडपा उघडून पाण्याच्या स्वतःच्या उताराने एवढी अवजड बोट काही मिनिटांत खाली येते. मेहुण्यांनी हे सर्व एका जागी उभे राहून पाहिले आणि नंतर काठाकडे बोट दाखवून म्हणाले, “भाऊजी, इतकं पानी हाये, अन् काठावर एक मोटरपंप दिसत नाई.” ज्या तालुक्यात भूजलाचा अतिउपसा होऊन बोअर दरवर्षी खोल करावी लागते, तेथून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले.

मेल्कचा मठ मी भरभर पाहिला. बेनेडिक्टाइन साधू तेथे १०८९ पासून आहेत. आजची पिवळी, भव्य बरोक वास्तू याकोब प्रांडटाउअर या वास्तुकाराच्या आराखड्याने १७०२ पासून उभी राहिली. ग्रंथालय अप्रतिम आहे आणि बाकी सोने डोळ्यांना थोडे अधिक होते. खरा प्रवास मेल्कनंतर सुरू झाला.

मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३५ किलोमीटरचा टप्पा म्हणजे वाखाऊ. येथे डॅन्यूब बंधाऱ्याविना वाहते. विद्युत केंद्र येथेही होणार होते, पण स्थानिकांनी विरोध केला आणि खोरे वाचले. २००० साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. बोट या टप्प्यात दिवसा आणि संथपणे चालते. उत्तरेकडील डोंगर नदीपर्यंत उतरलेला आणि त्याच्यावर खालपासून वरपर्यंत दगडी बांधांच्या पायऱ्या. बांध चुन्या-सिमेंटविना नुसते दगड बसवून रचलेले आहेत. दगड दिवसा तापतो आणि रात्री ऊब सोडतो, तर उत्तरेच्या जंगलातून रात्री थंड हवा उतरते; दिवस-रात्रीच्या या फरकामुळे द्राक्षात गोडवा आणि आंबटपणा दोन्ही टिकतात, असे वाटाड्याने सांगितले. वरच्या खडकाळ पायऱ्यांवर रीसलिंग आणि खालच्या भुसभुशीत, वाऱ्याने आणलेल्या मातीत ग्रुनर वेल्टलिनर ही पांढऱ्या द्राक्षाच्या दोन जातींची वाटणीही त्याच हिशेबाने झाली आहे. यंत्र तेथे चढत नाही, म्हणून तोड हातानेच होते. आणि त्या वेलींच्या ओळींमधून काळ्या नळ्या गेलेल्या होत्या. ठिबक! वाखाऊत पाऊस बेताचाच पडतो आणि दगडी पायऱ्यांवर तो टिकत नाही, म्हणून पाणी द्यावेच लागते. मेहुण्यांचा चेहरा तेव्हा प्रथमच खऱ्या अर्थाने उजळला आणि ड्रिपरमधील अंतर मोजण्यासाठी ते बांधावर वाकले.

आणखी एक ओळखीची गोष्ट निघाली. फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि १८७२ साली व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गला पोहोचली. तिच्यावर फवारणीचा उपाय सापडला नाही. अखेर तिला तोंड देणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचे कलम बांधूनच मळे पुन्हा उभे राहिले. आम्ही जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो, त्यामागील हिशेब वेगळा नाही. या खोऱ्याचे दुसरे पीक जर्दाळू आहे. वाखाऊच्या जर्दाळूच्या नावाला युरोपीय संघाचे संरक्षण १९९६ पासून आहे. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन २०१४ मध्ये मिळाले. जर्दाळूचा हंगाम जुलैत संपलेला असल्याने आम्हांला तो मुरंब्यात आणि उकडलेल्या गोड गोळ्यांत भेटला. पत्नीने ते गोळे पाहताच पुरणाच्या सारणाचे प्रमाण विचारावे तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

ड्युर्नस्टाइनला बोट थांबली. गावावरच्या कड्यावर पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिसऱ्या धर्मयुद्धात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड याने ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लिओपोल्ड याचा अपमान केला होता. परतीच्या वाटेवर ११९२ च्या डिसेंबरात रिचर्ड व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि येथे कैदेत ठेवला गेला. पुढे त्याला पवित्र रोमन सम्राट सहावा हेन्री याच्या हवाली करण्यात आले आणि सुटकेसाठी दीड लाख मार्क चांदी ठरली. त्यातील ऑस्ट्रियाच्या वाट्यातून व्हिएन्नाची तटबंदी वाढवण्यात आली. किल्ला १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला. वर चढण्यास अर्धा तास लागतो आणि चढताना मिळणाऱ्या नदीच्या वळणाचे दृश्य पाहता ही चढण कोणी टाळू नये.

उतरल्यावर आम्ही एका द्राक्षमळेवाल्याच्या अंगणात बसलो, आणि संपूर्ण प्रवासात मला हेवा वाटला तो याच जागेचा. दारावर पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली होती. १७८४ मध्ये सम्राट दुसरा योसेफ याने फर्मान काढून शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतातील द्राक्षांची वाइन आणि स्वतःच्या घरचे पदार्थ स्वतःच्या दारात विकण्याची मुभा दिली. डहाळी टांगलेली असेल तर मळा विक्रीसाठी उघडा आहे असे समजायचे. व्यवस्था आजही चालते. वाढायला घरचीच माणसे होती, भाव पाटीवर लिहिलेला होता, मेहुण्यांना ताज्या द्राक्षांचा रस मिळाला आणि मी पांढऱ्या मिरीची किंचित चव असलेली वेल्टलिनर घेतली. येथील उत्पादकांच्या संघाने आपल्या कोरड्या पांढऱ्या वाइनच्या तीन प्रती ठरवल्या आहेत. सर्वांत हलकी ती स्टाइनफेडर, मधली फेडरश्पील, आणि पूर्ण पिकलेल्या द्राक्षांची स्मारागड. हे शेवटचे नाव बांधांवर ऊन खाणाऱ्या हिरव्या सरड्याचे आहे. खोऱ्यातील मळ्यांचा मोठा हिस्सा एका सहकारी संस्थेच्या सभासदांकडे आहे. सहकार बुडताना पाहिलेल्या आमच्या पिढीला ते ऐकून विशेष वाटले.

हे सर्व पहिल्यापासून इतके नीटनेटके नव्हते. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील काही व्यापाऱ्यांनी वाइन गोड आणि भारदस्त लागावी म्हणून तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळल्याचे उघड झाले. निर्यात कोसळली, प्रामाणिक शेतकरीही भरडला गेला आणि त्याच वर्षी देशाने अत्यंत कडक वाइन कायदा केला. आज दर्जेदार वाइनच्या बुचावर लाल-पांढरी पट्टी असते आणि लेबलावर सरकारी तपासणीचा क्रमांक. फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याशी उक्ता सौदा करून मोकळे होणाऱ्या आम्हांला या दोन्ही गोष्टी, दारातली विक्री आणि मालावरची खूण, सारख्याच दूरच्या वाटल्या. आमच्या संत्र्यावर गाव कोणते ते दिल्लीच्या ग्राहकाला कधीच कळत नाही.

व्हिएन्नाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तेथे नव्या डॅन्यूबचे कौतुक वाटले. पुरासाठी खोदलेला हा २१ किलोमीटरचा समांतर प्रवाह आणि निघालेल्या मातीचे बनवलेले लांबच लांब बेट हे काम १९७२ ते १९८८ या काळात झाले, आणि शहर आज त्या बेटावर पोहायला जाते. ब्रातिस्लाव्हात संत मार्टिनच्या चर्चमध्ये १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक होत असत, एवढे पाहून आम्ही बोटीवर परतलो. बुडापेस्टला बोट रात्री पोहोचली. संसदभवन दिव्यांनी पिवळेधमक झालेले होते, छत माणसांनी भरले होते, आणि मेहुण्यांनी त्या रोषणाईच्या विजेच्या बिलाचा अंदाज मांडला.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: उन्हाळा कोरडा गेला तर नदीचे पाणी उतरते, बोटी अडकतात आणि प्रवाशांना पुढच्या गावी बसने नेतात. पैसे भरण्यापूर्वी करारातील तो मजकूर वाचावा. वाखाऊ हेच उद्दिष्ट असेल, तर बोटीचा हट्ट न धरता क्रेम्सला मुक्काम करून सायकलने किंवा लहान फेरीबोटीने फिरणे स्वस्त पडेल आणि कदाचित अधिक दिसेल.

परतल्यावर व्यापारी बागेत आला तेव्हा सडकेलगतच्या दोन ओळी सौद्यातून वगळल्या आहेत. फळ फाटकापाशीच विकायचे ठरले आहे. तेथे दिवसभर बसणार कोण, हा प्रश्न मेहुण्यांनी उपस्थित केला असून त्याचे उत्तर अद्याप कोणीही दिलेले नाही.