खानदेशच्या उन्हाळ्यात प्रवाळांची टाकी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा प्रवाळांच्या टाकीतले पाणी २४ ते २६ अंशांवर राखणे हेच आपल्याकडच्या हौशी माणसाचे मुख्य काम होऊन बसते. पाणी तिशीच्या वर जाऊन तिथेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते, आणि त्याच्या अन्नाचा मोठा वाटा या शैवालांकडूनच येत असल्यामुळे रंग उडालेले प्रवाळ उपासमारीने मरते.

चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, सर्वांना परवडत नाही. मात्र आपली हवा कोरडी आहे, आणि घरचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच इथेही लागू पडते: पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरते. (पावसाळ्यातल्या दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही.) पण पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून मी रोज सकाळी काचेवर केलेल्या खुणेपर्यंत गोडे पाणीच भरतो आणि विशिष्ट गुरुत्व (यावरून पाण्याचा खारटपणा कळतो) १.०२५ च्या आसपास आहे ना, हे तपासतो. बोअरचे जड पाणी यासाठी अजिबात चालत नाही. पिण्याच्या आरओ यंत्रातही अनेकदा चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ दिसेल तेच पाणी वापरावे.

नवख्याने मशरूम, झोअँथस आणि लेदर हे मऊ प्रकारच निवडावेत. खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि ते मला मनापासून योग्य वाटते.

लेदर प्रवाळ अधूनमधून सगळे तंतू आत ओढून घेते, त्याच्या अंगावर मेणचट पापुद्रा चढतो आणि काही दिवस ते मेल्यासारखेच दिसते. अशा वेळी घाबरून ते हलवू नये. पंपाचा प्रवाह किंचित त्याच्या बाजूला वळवावा, म्हणजे पापुद्रा कडेने सुटत जातो आणि खालून ताजी, स्वच्छ त्वचा दिसू लागते.

झोअँथसबाबत मात्र कडक शिस्त हवी. त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते, त्यामुळे हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये, कारण ते विष वाफेबरोबर श्वासात जाऊ शकते.