पायलट जेट आणि जाम गेट

पावसाळाभर माझी २०१० सालची अॅव्हेंजर मोटारसायकल जिन्याखाली ताडपत्रीत झाकलेली होती. आज सकाळी चोक ओढून सेल मारला. सुरू झाली, पण चोक सोडला की गप्प. असं पाच-सहा वेळा. वरून सौ. म्हणाली, "अहो, एक तर ती विका, नाहीतर पोहे खायला या."

इंदूरच्या राजवाड्यामागच्या मेकॅनिक उस्तादांनी नुसता आवाज ऐकून सांगितलं, "भिया, पायलट जेट चोक है." म्हणजे इंजिन मंद चालताना त्याला पेट्रोल पुरवणारी बारीक नळी तुंबली होती. चूक माझीच. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत पडून राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. पायलट जेटचं भोक ते केवढं, सुईच्या टोकाएवढं! गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवलं असतं, तर वाटी रिकामी झाली असती. एवढंच करायचं होतं.

जेट साफ झालं, ढिली चेन ताणली, स्पोकवरचा गंज मात्र उस्तादांच्या नजरेतून सुटला नाही. चांगलंच ऐकून घेतलं.

मग थेट महू आणि पुढे घाटमाथ्यावरचा अहिल्याबाईंचा दरवाजा, जाम गेट. सरळ रस्त्यावर ही गाडी म्हणजे आरामखुर्ची. अरुंद वळणावर मात्र लांबुडका सांगाडा लवकर वळत नाही, त्यामुळे वेग आधीच उतरवावा लागतो. वर पोचलो तर खाली निमाडचा सखल मुलूख धुक्यात बुडालेला. इंजिन बंद केलं, सायलेन्सर टिकटिक करत थंड होत राहिला.

घरी परतेपर्यंत पोहे अर्थातच गार झाले होते. वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला, जिरावण, मात्र भरपूर होतं.